वाटेवरचा अडसर



या व्याख्यानमालेत आपण साम्राज्यांचे उदयास्त ऐकले, संतांची चरित्रे ऐकली, घटनेची कलमेही ऐकली. त्या मानाने माझा आजचा विषय अगदी पायाखालचा आहे. पायी चालणाराची किंवा सायकलस्वाराची वाट, आणि त्या वाटेच्या तोंडाशी कोणीतरी उभे केलेले फाटक, खांब अथवा लोखंडी चौकट, एवढाच तो विषय. हा नगरपालिकेच्या वॉर्ड कचेरीचा विषय आहे, इतिहासाचा नव्हे, असे काहींना वाटेल. मी काही कोणत्या विद्यापीठाचा पदवीधर नाही. जे वाचले ते पाळी सुटल्यावर, संघटनेच्या कचेरीत बसून वाचले. परंतु त्या वाचनातून माझी अशी खात्री झाली आहे की ज्याला राज्यकर्त्यांचा इतिहास वाचायचा असेल त्याने राजवाडे पाहावेत, आणि ज्याला सामान्य माणसाचा इतिहास वाचायचा असेल त्याने वाटेवरची फाटके पाहावीत.

अडसर हा आपल्याकडे मुळात वाड्याच्या दाराचा शब्द. रात्री दिंडीदरवाजा लावला की आतून आडवा सोट सरकवायचा, तो अडसर. घरधन्याने आपल्या घराला आतून घातलेल्या अडसराविरुद्ध कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. प्रश्न उभा राहतो तो हाच सोट कोणी उचलून सर्वांच्या वाटेवर आणून ठेवतो तेव्हा. तो कोणी ठेवला, कोणासाठी ठेवला आणि त्याने प्रत्यक्षात कोण अडले, असे हे तीन प्रश्न आहेत. हे तीन प्रश्न घेऊन मी आपल्याला एका परक्या देशात नेणार आहे, कारण या बाबतीतला सर्वांत भरगच्च इतिहास त्या देशाचा आहे. तो देश म्हणजे इंग्लंड, आणि त्यातही कापड गिरण्यांचा लँकेशायर परगणा.

कुंपणाचा काळ

इंग्लंडच्या खेड्यात जुन्या काळी गायरान होते, सामाईक रान होते, आणि त्यातून चर्चला, बाजाराला, शेजारच्या गावाला जाणाऱ्या पायवाटा होत्या. पुढे ही सामाईक जमीन कायद्याने वाटून खाजगी मालकीची करण्याचे सत्र सुरू झाले. १६०४ पासून १९१४ पर्यंत असे ५,२०० हून अधिक कायदे पार्लमेंटने केले आणि त्यांखाली सुमारे ६८ लाख एकर जमिनीला कुंपण पडले. कुंपण पडले म्हणजे पायवाट आपोआप बुडाली असे मात्र नव्हते. जिथे वाट कुंपण ओलांडत असे तिथे दोन पायऱ्यांचा दगडी किंवा लाकडी ओटा बांधीत, की ज्यावरून माणूस चढून उतरावा पण गाय चढू नये. कोठे अर्धगोल कठड्यात डोलणारे झुलते फाटक बसवीत. त्यात एका वेळी एकच माणूस शिरे, फाटक पुढे ढकली आणि बाहेर पडे. ही योजना साधी होती, व वाईटही नव्हती. अटकाव गुरांना होता, माणसाला वाट होती. आपल्या कोकणात गडग्याला माणसापुरती खिंड ठेवतात, त्याच जातीची ही तडजोड. पण एक गोष्ट आपण येथेच ध्यानात ठेवू. तो ओटा धडधाकट पायांच्या माणसाचे माप धरून बांधलेला होता. कुबडीवरच्या म्हाताऱ्याचे माप कोणी घेतले नव्हते.

यानंतर १८१५ साली एक कायदा झाला. दोन न्यायदंडाधिकाऱ्यांनी एखादी वाट अनावश्यक आहे असे ठरवले की ती बंद करता येऊ लागली. आता हे दंडाधिकारी कोण, तर गावचे जमीनदारच. एकाने दुसऱ्याच्या बागेतली वाट बंद करावी आणि दुसऱ्याने पहिल्याच्या, असा हा शेजारधर्म चालू झाला. मँचेस्टरजवळ फ्लिक्स्टन गावी राल्फ राइट नावाच्या दंडाधिकाऱ्याने आपल्या जमिनीतून जाणारी वाट अडवली, तेव्हा मात्र गावकरी गप्प बसले नाहीत. त्या तंट्यातून १८२६ साली मँचेस्टरमध्ये प्राचीन पायवाटांच्या रक्षणासाठी एक मंडळ स्थापन झाले. त्यात आर्किबाल्ड प्रेंटिससारखा पत्रकार होता. मंडळाने वर्गणी काढली, वकील दिला आणि वाट मोकळी करून घेतली. पुढे १८३५ च्या रस्तेविषयक कायद्याने दोन दंडाधिकाऱ्यांच्या त्या मोकाट अधिकाराला आळा बसला. पायवाटेसाठी वर्गणी काढून लढणारी संघटना ही कल्पना तेव्हा नवीन होती. आमच्या कामगार चळवळीतल्या माणसाला तिचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

बोल्टनचा रविवार

आता आपण सत्तर वर्षे पुढे जाऊ आणि बोल्टन शहरी येऊ. बोल्टन म्हणजे सूतगिरण्यांचे गाव. धुराड्यांनी आकाश काळे केलेले, घरे एकमेकींना टेकलेली. अशा गावच्या कामगाराला मोकळी हवा हवी असेल तर शहरामागचे माळरान एवढाच त्याचा आधार. तेथे चढून जायला त्याच्याजवळ वार एकच, रविवार. रविवारची किंमत काय असते हे मुंबईच्या गिरणगावाला सांगायला नको. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ज्या मागण्या लावून धरल्या त्यांत आठवड्याची एक सुटी ही प्रमुख होती, आणि ती मिळायला १८९० साल उजाडले. मुंबईच्या कामगाराला रविवार मिळाल्यानंतर सहा वर्षांनी बोल्टनच्या कामगाराच्या ध्यानात आले की नुसता रविवार असून भागत नाही, रविवारी जायला वाटही लागते.

विंटर हिल नावाच्या डोंगरावर जाणारा एक जुना रस्ता होता. तो स्मिथिल्स इस्टेटीतून जाई. तिचे मालक कर्नल रिचर्ड हेन्री एन्सवर्थ. त्यांच्या घराण्याची संपत्ती कापड धुऊन पांढरे करण्याच्या कारखान्यातून आलेली होती. कर्नलसाहेबांना माळावर तितर जातीच्या पक्ष्यांची शिकार करण्याचा शोक होता, आणि माणसांच्या वर्दळीने पक्षी बुजतात, म्हणून त्यांनी रस्त्यावर फाटक घालून वाट बंद केली. ज्यांनी आठवडाभर गिरणीत कापड विणले त्यांनी, कापडावरच श्रीमंत झालेल्या घराण्याच्या फाटकाशी रविवारी थांबायचे, असा तो प्रकार होता.

बोल्टनच्या समाजवादी मंडळींनी, त्यांत जोसेफ शफलबॉटम हे पुढे होते, लोकांना हाक दिली. सॉलोमन पार्टिंग्टन हे उदारमतवादी पत्रकार त्यांना येऊन मिळाले. ६ सप्टेंबर १८९६, रविवार. मोर्चा हॅलिवेल रस्त्याने निघाला, घराघरांतून माणसे त्यात सामील होत गेली आणि फाटकापाशी पोहोचेपर्यंत सुमारे दहा हजारांचा जमाव झाला. फाटकाशी पोलीस आणि इस्टेटीचे रखवालदार उभे होते. थोडी झटापट झाली, फाटक मोडले आणि लोक डोंगर ओलांडून पलीकडच्या बेलमाँट गावी उतरले. पुढच्या रविवारी त्याहूनही अधिक लोक आले.

येथपर्यंतची कथा सांगताना कोणत्याही वक्त्याचा आवाज चढतो. परंतु इतिहास येथे संपत नाही, आणि संघटनेच्या कार्यकर्त्याने पुढचा भागच अधिक लक्षपूर्वक वाचावा असा आहे. कर्नलांनी पुढाऱ्यांवर फिर्याद लावली. १८९७ च्या मार्चमध्ये निकाल लागला तो कर्नलांच्या बाजूने. पार्टिंग्टन आणि त्यांचे सहकारी विल्यम हचिन्सन यांच्यावर खर्चाचा बोजा पडला. फाटक पुन्हा उभे राहिले. दहा हजार माणसे एका दिवसात फाटक मोडू शकतात, पण फाटक पुन्हा बसवायला दोन सुतार पुरतात. मोर्चानंतरच्या सोमवारी काय करायचे हे ज्या चळवळीने ठरवलेले नसते तिची गत अशी होते. ही गोष्ट आम्ही संपांतून पुष्कळ महाग किंमत देऊन शिकलो आहोत. बोल्टनचा तो रस्ता सार्वजनिक हक्काची वाट म्हणून नोंदला गेला तो १९९६ साली, म्हणजे मोर्चाला शंभर वर्षे झाल्यावर.

याच्या उलट उदाहरण तेथून काही मैलांवर आहे. डार्वेन गावच्या माळावरच्या वाटा जमीनदाराने शिकारीपायी १८७८ च्या सुमारास अडवल्या. तेथल्या लोकांनी वाटेवरून चालणे सोडले नाही, कोर्टकचेऱ्या केल्या आणि नेटाने अठरा वर्षे काढली. १८९६ च्या सप्टेंबरात, ज्या महिन्यात बोल्टनचे फाटक मोडले त्याच महिन्यात, डार्वेनकरांनी आपल्या माळाच्या मुक्ततेचा उत्सव केला. १८९८ साली माळावर बांधलेला मनोरा राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाबरोबर त्या विजयाचेही स्मारक आहे. हे तेच डार्वेन, जेथे १९३१ च्या सप्टेंबरात गोलमेज परिषदेसाठी विलायतेस गेलेले गांधीजी गिरणी कामगारांना भेटायला गेले होते. आमच्या बहिष्काराने तुमचे माग थांबले असतील, परंतु आमच्याकडे त्याहून मोठी उपासमार आहे, हे त्या कामगारांना समजावण्यासाठी ते गेले. त्या कामगारांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले. हक्कासाठी अठरा वर्षे झगडलेल्या गावाला दुसऱ्याच्या हक्काची भाषा परकी वाटली नसावी, असे मला आपले वाटते.

काठीचे फाटक

विसाव्या शतकात लाकडी फाटकाच्या जोडीला माणसांचे फाटक आले. मँचेस्टर आणि शेफील्ड यांच्यामधल्या किंडर स्काउट या उंच माळावर रखवालदार काठ्या घेऊन उभे असत. २४ एप्रिल १९३२ या दिवशी हेफील्डजवळच्या दगडखाणीत काही शे तरुण जमले आणि गाणी म्हणत माळावर चढले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन वीस वर्षांचा, मोटार दुरुस्तीचे काम शिकलेला आणि त्या वेळी बेकार होता. पोलीस स्टेशनावर आपल्याला गाठतील म्हणून तो आगगाडीने न जाता सायकलने गेला, ही बारीकशी गोष्ट मला फार आवडते. रखवालदारांशी झटापट झाली, सहा जणांना अटक झाली आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. रॉथमनला चार महिने मिळाले. हाच रॉथमन पुढे यंत्र कारखान्यात कामगार संघटनेचा कार्यकर्ता झाला. २००२ साली, त्या घटनेला सत्तर वर्षे झाली तेव्हा, त्या जमिनीचे पूर्वीचे मालक असलेल्या डेव्हनशायर घराण्याच्या ड्यूकने जाहीरपणे खेद व्यक्त केला. रॉथमन त्याच वर्षाच्या जानेवारीत वारला होता.

पण त्या शिक्षा फुकट गेल्या नाहीत. दुसरे महायुद्ध संपल्यावर मजूर पक्षाच्या सरकारने १९४९ साली राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण प्रदेशात प्रवेश यांचा कायदा केला. त्याने प्रत्येक परगण्याला आपल्या हद्दीतल्या सार्वजनिक पायवाटांची पाहणी करून त्यांचा अधिकृत नकाशा तयार करणे भाग पाडले. आपल्या भाषेत सांगायचे तर वहिवाटीचा सात-बारा तयार झाला. ज्या वाटेसाठी पूर्वी म्हाताऱ्यांच्या साक्षी काढाव्या लागत, ती आता कागदावर आली. सायकलचा नंबर त्यानंतर लागला. घोड्यांसाठी असलेल्या वाटांवर सायकल नेण्याची मुभा १९६८ च्या कायद्याने मिळाली, तीही चालणारांना आणि घोडेस्वारांना आधी वाट देण्याच्या अटीवर.

आपल्या देशातले एक कवाड

लँकेशायर सोडण्यापूर्वी आपल्याच देशातल्या एका वाटेचे स्मरण केले नाही तर माझ्या हातून अपराध होईल. त्रावणकोर संस्थानात वैकोम येथे देवळाभोवतीचे रस्ते अस्पृश्य मानलेल्यांना बंद होते. देवळाच्या आतले सोडाच, बाहेरचे रस्ते. ३० मार्च १९२४ पासून सत्याग्रही तेथे जाऊ लागले. पुढे सरकारने रस्त्यावर लाकडी अडथळे घातले, आणि सत्याग्रही त्या अडथळ्यांसमोर दिवसचे दिवस उभे राहू लागले. त्या वर्षीच्या पावसाळ्यात महापूर आला. पोलीस होडीत बसून पहारा करीत आणि सत्याग्रही पाण्यात उभे राहत. १९२५ च्या नोव्हेंबरात लढा थांबला तेव्हा तीन बाजूंचे रस्ते सर्वांना खुले झाले होते, पूर्वेकडचा मात्र नाही. बोल्टनला अडसर पैशाचा होता, वैकोमला जातीचा. लाकूड तेच. पुढे १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी पाण्यापर्यंतची वाट चालून दाखवली, ती आपल्याला ठाऊक आहेच.

रक्षणाचा अडसर

आता मी विषयाच्या अवघड भागाकडे येतो. आतापर्यंत अडसर घालणारा तो वाईट आणि मोडणारा तो चांगला, असा सरळ हिशेब होता. यापुढे तो तसा राहत नाही.

१९६३ साली ब्रिटनच्या रेल्वेची पुनर्रचना सुचवणारा डॉ. बीचिंग यांचा अहवाल आला आणि त्यानंतर हजारो मैलांचे लोहमार्ग बंद झाले. रूळ उखडले, पण खडीचा बांध राहिला. १९७७ साली ब्रिस्टल शहरात काही सायकलप्रेमी नागरिकांनी मंडळ काढले आणि ब्रिस्टल ते बाथ हा बंद पडलेला लोहमार्ग सायकलस्वारांना व चालणारांना मोकळा करायचे ठरवले. १९७९ साली पहिला तुकडा स्वयंसेवकांनी स्वतः फावडी घेऊन तयार केला. १९८६ पर्यंत तेरा मैलांची वाट पुरी झाली. सपाट, सावलीची, मोटारीचे भय नसलेली वाट. बेकारीच्या त्या दशकात सरकारी रोजगार योजनेतल्या कामगारांचे हातही अशा वाटांना लागले. याच मंडळातून सस्ट्रान्स या नावाने पुढे प्रसिद्ध झालेली संस्था निघाली आणि २००० साली तिने पाच हजार मैलांचे राष्ट्रीय सायकल मार्गांचे जाळे खुले केले.

वाट चांगली झाली की तिच्यावर नको ते पाहुणेही येतात. मोटरसायकलवाले तरुण या वाटांवर धुमाकूळ घालू लागले. लोक तक्रार करू लागले, आणि तक्रार रास्तच होती. मग ठिकठिकाणी लोखंड उभे राहिले. कोठे इंग्रजी ए अक्षराच्या आकाराची चौकट, तिच्यातून सायकल कशीबशी सरकवायची. कोठे एकाआड एक असे दोन कठडे, त्यांमधून नागमोडी वळण घ्यायचे. कोठे नुसते खांब. ही चौकट कोणा कर्नलने शिकारीसाठी घातलेली नव्हती. ती चालणाराच्या रक्षणासाठी, चालणाराच्या मागणीवरून, चालणाराच्याच प्रतिनिधींनी घातलेली होती.

परिणाम काय झाला? २०१८ साली सस्ट्रान्सने आपल्याच जाळ्याची पाहणी करून अहवाल प्रसिद्ध केला. १६,५७५ मैलांच्या मार्गांवर १६,४३५ अडथळे निघाले. मैलामागे जवळजवळ एक. ज्यांनी वाट बांधली त्यांच्याच वाटेवर हे सारे उभे होते, आणि ते त्यांनी स्वतः मोजून जाहीर केले, हा त्यांचा मोठेपणा मी मानतो. या अडथळ्यांनी अडत होते कोण? चाकाच्या खुर्चीवरचा माणूस, हाताने फिरवायची तीनचाकी चालवणारा अपंग, जुळ्या मुलांची गाडी ढकलणारी आई, सामानाची लांब सायकल चालवणारा गडी. मोटरसायकलवाला मात्र कोठेतरी कुंपणाला भगदाड शोधून आत येत असे.

याचे कारण गणिताचे आहे. लोखंडाला माणसाचा हेतू कळत नाही, त्याला फक्त माप कळते. मोटरसायकल ही अरुंद वस्तू आहे आणि तिचा मालक धडधाकट असतो. तो उतरेल, गाडी कलती करील, दोघे मिळून उचलतील. तीनचाकी ही रुंद वस्तू आहे आणि तिच्या मालकाला उतरता येत नाही. म्हणून जी फट मोटरसायकलला थांबवण्याइतकी लहान केली जाते ती तीनचाकीला आधी थांबवते. २०२० च्या जुलैमध्ये इंग्लंडच्या परिवहन खात्याने जी मार्गदर्शिका काढली तिच्यात हे गणित सरळ मांडले आहे. २.८ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद एवढी सायकल जाईल अशी वाट आखावी. खांब घालायचेच तर दोहोंत १.५ मीटर अंतर असावे. मोटरसायकलींचा उपद्रव सतत आणि गंभीर असेल व पोलिसांच्या फेऱ्यांनी तो आवरत नसेल, तरच अडथळ्याचा विचार करावा. पायवाटांवरच्या फाटकांसाठीही तेथल्या मानकाचा क्रम असाच आहे. आधी मोकळी खिंड ठेवता येते का पाहा, नसेल तर फाटक, आणि चढून जाण्याचा ओटा सर्वांत शेवटी. दोनशे वर्षांपूर्वी कुबडीवरच्या म्हाताऱ्याचे जे माप राहून गेले होते ते आता घेतले गेले.

आमच्या कालव्याची वाट

हा सारा इतिहास मी का वाचत बसलो ते आता सांगितले पाहिजे, कारण त्यात माझा स्वतःचा दोष आहे.

आमच्या औद्योगिक वसाहतीत कामगारांच्या चाळी आणि कारखाने यांच्यामध्ये कालव्याकाठची एक वाट आहे. हमरस्त्याने गेले तर तीन किलोमीटर, कालव्याने एक. काही वर्षांपूर्वी त्या वाटेवर मोटरसायकली घुसू लागल्या, आणि दुसऱ्या पाळीहून परतणाऱ्या एका बाईंना धक्का लागून त्यांचा पाय मोडला. संघटनेने अर्ज केला. खांब घाला, वाट सुरक्षित करा. अर्जावर पहिली सही माझी होती. महिन्याभरात दोन्ही तोंडांना लोखंडी खांब उभे राहिले, आणि आम्ही फाटकसभेत तो आपला विजय म्हणून सांगितला. टाळ्याही पडल्या.

आमचा एक सभासद लहानपणीच्या पोलिओमुळे पायाने अधू. पॅकिंग खात्यात बसून काम करी आणि हाताने फिरवायच्या तीनचाकीवरून येई. सहा-सात महिन्यांनी उशिराच्या हजेरीबद्दल त्याचा पगार कापला गेला, तेव्हा मी त्याला विचारले, ''एवढा उशीर कसा होतो रे हल्ली?'' तो म्हणाला, ''भाऊ, हमरस्त्याने येतो. कालव्याच्या खांबांतून गाडी जात नाही.'' मी म्हणालो, ''मग बोलला का नाहीस?'' त्यावर तो खाली पाहत म्हणाला, ''खांब तुम्हीच लावून घेतले ना. मग तक्रार कुणाकडे करायची?''

त्या संध्याकाळी मी मोजपट्टी घेऊन कालव्यावर गेलो. दोन खांबांतले अंतर सव्वीस इंच. त्याच्या तीनचाकीची रुंदी एकतीस. खांबांची उंची कमरेच्याही खाली. मोटरसायकलचे हँडल त्याहून उंच असते आणि चाक चार बोटांचे. माझ्यादेखत एक मोटरसायकल खांबांतून सुळकन निघून गेली. ज्यांना अडवायचे होते ते जात होते, आणि ज्याच्यासाठी संघटना काढली तो ट्रकांच्या रस्त्याने हात दुखेपर्यंत तीनचाकी रेटीत होता. मला त्या रात्री कर्नल एन्सवर्थ आठवले नाहीत, कारण तेव्हा मी त्यांचे नाव ऐकलेले नव्हते. पण नंतर वाचले तेव्हा त्यांच्यावर रागावण्याचा माझा अधिकार थोडा कमी झालेला आहे असे वाटले. त्यांचा अडसर स्वार्थाचा होता, माझा सद्हेतूचा. फाटकाशी थांबलेल्या माणसाला दोन्ही सारखेच.

आम्ही दुसरा अर्ज केला. मधला खांब निघाला, पाच फुटांची मोकळी वाट झाली, आणि पाळी सुटण्याच्या वेळी आमचे स्वयंसेवक तेथे उभे राहू लागले. मोटरसायकली पार थांबल्या असे मी म्हणणार नाही. पुष्कळ कमी झाल्या. उरल्या त्यांच्याशी रोज भांडावे लागते. खांब उभा करणे सोपे असते, कारण तो एकदा उभा केला की आपण घरी जायला मोकळे होतो. माणसाने माणसाला थांबवायचे तर रोज तेथे हजर राहावे लागते. आम्हाला कष्ट चुकवायचे होते, ते आम्ही त्या एका माणसाच्या हातांवर टाकले होते.

आपल्या पदरात काय?

आपल्याकडे या बाबतीत कायदा नाही असे नाही. शेताला जाणारी वाट कोणी अडवली तर मामलेदार कोर्टाच्या १९०६ च्या कायद्याखाली तहसीलदार जागेवर येऊन पाहणी करतो आणि अडथळा काढायला लावतो. मात्र अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. गावाकडच्या मंडळींना हा कायदा तोंडपाठ असतो. १८८२ च्या सुविधाधिकारांच्या कायद्याने वीस वर्षांच्या अखंड वहिवाटीला हक्काचे रूप दिले आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. २०२३ साली मुंबईत फुटपाथांवर वाहने चढू नयेत म्हणून घातलेल्या खांबांमुळे चाकाच्या खुर्चीला वाटच मिळत नाही, अशी एका खुर्चीवरच्या नागरिकाची तक्रार आली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने तिची स्वतःहून दखल घेतली. म्हणजे ब्रिस्टलचा प्रश्न तो मुंबईचाही प्रश्न, आणि आमच्या कालव्याचाही.

इतिहासाने मला जे शिकवले ते थोडक्यात असे. बोल्टनने शिकवले की अडसर मोडण्याबरोबर हक्क कागदावर आणला पाहिजे. डार्वेनने शिकवले की वाट टिकवण्याचा उत्तम उपाय तिच्यावरून चालत राहणे हा आहे. 'वहिवाट' या आपल्या शब्दातच वाट आहे. जी वापरली जाते ती वाट राहते. वैकोमने शिकवले की तीन बाजू मोकळ्या झाल्या तरी चौथी विसरायची नसते. आणि सस्ट्रान्सने शिकवले की आपण घातलेले अडसरसुद्धा आपणच मोजून चारचौघांत सांगावेत.

या सभागृहातून घरी जाताना आपल्याला नदीकाठची वाट, रेल्वेखालचा बोगदा, बागेचे फिरते फाटक असे काहीतरी लागेलच. तेथे क्षणभर थांबून पाहा. आपण तर सहज निघून जातो, म्हणून तो अडसर आपल्याला दिसत नाही. ज्याला तो दिसतो तो माणूस बहुधा तेथवर येणेच सोडून देतो, आणि तो येत नाही म्हणून त्याची कोणाला गरज नाही असे आपण धरून चालतो. आमचा सभासद सात महिने बोलला नाही. आपल्या गावात असे न बोलणारे किती आहेत, हे मोजपट्टी घेऊन गेल्याखेरीज कळणार नाही. पुढच्या रविवारी येथल्या काही तरुणांनी हे काम अंगावर घेतले तर मी मोजपट्टी घेऊन यायला तयार आहे.